विश्लेषण : आडनाव कोकणातले, धर्म यहुदी… ‘केहिमकर’ आले कुठून आणि उरले किती?

फुलपाखरांवरचे इंग्रजी पुस्तक हातात घेतले की मुखपृष्ठावर एक नाव हमखास दिसते : आयझॅक केहिमकर. पहिले नाव बायबलमधले, आडनाव अलिबागच्या वाटेवरचे. मराठी वृत्तपत्रांत हेच नाव अनेकदा ‘किहीमकर’ असे छापले जाते. ‘हे ख्रिश्चन का?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर ‘नाही’ असे आहे. हे आडनाव बेने इस्रायली समाजातले, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषक यहुद्यांचे आहे. फार थोड्या लोकांकडे असलेल्या या आडनावामागे एक गाव, एक व्यवसाय, मुंबईकडे झालेले एक स्थलांतर आणि नंतर समुद्रापलीकडे झालेले दुसरे स्थलांतर दडलेले आहे.

आडनावाचा अर्थ काय?

अर्थ सरळ आहे. किहीम अधिक कर, म्हणजे किहीमचा राहणारा. किहीम हे रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. अलिबागच्या उत्तरेला साधारण बारा किलोमीटरवर. आज ते शनिवार-रविवारच्या पर्यटकांचे ठिकाण आहे.

मग ‘किहीमकर’चे ‘केहिमकर’ कसे झाले? एकोणिसाव्या शतकात या समाजातली मंडळी इंग्रजी शाळांत, पलटणींत आणि सरकारी कचेऱ्यांत गेली तेव्हा गावाचे नाव कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत उतरले. ‘के’ या अक्षरानंतर ‘आय’ऐवजी ‘ई’ पडला. गावाचे नाव पुढे नकाशांवर ‘किहीम’ असे स्थिर झाले. आडनाव मात्र कागदपत्रांत जिथे होते तिथेच थांबले. पिढ्यान् पिढ्या तेच स्पेलिंग चालत आले आणि मग मराठीत परत येताना काहींनी स्पेलिंगवरून ‘केहिमकर’ लिहिले, काहींनी गावावरून ‘किहीमकर’.

हे एकट्या किहीमचे नाही. ‘बूट पॉलिश’ (१९५४) चित्रपटातले जॉनचाचा आठवत असतील. ती भूमिका करणारे अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. रेवदंड्याजवळच्या चौलचे जुने मराठी नाव चेऊल. गावाला आता चेऊल म्हणणारे फार थोडे, पण आडनावाने ते रूप जपून ठेवले आहे. जुनी गावनावे कशी उच्चारली जात, याचा पुरावा म्हणून आडनावे अभ्यासावीत ती यासाठी.

किहीममध्ये राहून किहीमकर होता येते का?

खरे तर नाही. गावात सगळेच किहीमचे. तिथे ‘किहीमकर’ म्हणून कोण कोणाला हाक मारणार? ‘कर’ लागते ते माणूस गाव सोडतो तेव्हा. शेजारच्या गावात किंवा मुंबईत गेल्यावर ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाचे उत्तर हळूहळू आडनाव बनते. म्हणजे ‘कर’ हे आडनाव राहण्याची खूण जितकी, तितकीच निघून येण्याचीही.

बेने इस्रायलींच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते. धार्मिक व्यवहारात यहुद्यांना आडनावाची गरजच नसते. प्रार्थनामंदिरात माणसाला पुकारले जाते ते ‘अमक्याचा मुलगा अमका’ असे. कोकणातल्या रोजच्या जगण्यात तर हिब्रू नावांनीही मराठी पेहराव चढवला होता. आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, डेव्हिडचा दाऊदजी आणि सॅम्युअलचा सामाजी होत असे. इसाजी-मुसाजींच्या गर्दीत नेमका माणूस ओळखायचा तर गाव जोडणे हा सोपा उपाय होता. शेजारच्या हिंदू आणि मुस्लिम कुटुंबांतही तीच पद्धत होती.

म्हणूनच ‘कर’वाले आडनाव गाव सांगते, धर्म सांगत नाही. पेणकर, रोहेकर, दांडेकर, दिवेकर, नवगावकर ही आडनावे बेने इस्रायलींत आहेत आणि हिंदूंतही आहेत. रोहेकर म्हटले की समोरचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावतो की गुरुवारी दत्ताच्या देवळात जातो, हे आडनावावरून ओळखता येत नाही. केहिमकर त्या मानाने वेगळे. ‘के’वाल्या रूपाची ओळख प्रामुख्याने या समाजाशीच जोडली गेली आहे.

किहीममध्ये यहुदी आले कुठून?

समाजाची परंपरागत कथा अशी : फार पूर्वी एक जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांचे देह नवगावला पुरले. त्या सात जोडप्यांचा वंश म्हणजे बेने इस्रायली. नवगावची जुनी दफनभूमी आणि तिथला स्मारकस्तंभ आजही दाखवला जातो.

हे कधी घडले, यावर एकमत नाही. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहिमकर (होय, याच आडनावाचे) यांनी ते इसवी सनपूर्व १७५च्या सुमाराला नेले. लिखित पुरावा मात्र बराच अलीकडचा आहे. डॅनिश मिशनशी संबंधित सार्टोरियस या पाद्र्याच्या १७३८च्या पत्रात या समाजाचा उल्लेख सापडतो आणि तो सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी मानला जातो. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या जनुकीय अभ्यासाने सांगितले की या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंश ठळकपणे आहेत आणि त्यांची सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली. अर्थात सरमिसळ कधी झाली आणि जहाज कधी आले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

कोकणात स्थिरावल्यावर यांचा मुख्य व्यवसाय तेल गाळण्याचा. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’ म्हणून ओळखले जात. हिब्रू भाषा विसरली गेली होती, पण शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकून होती.

आडनाव इतके दुर्मीळ का?

याचे उत्तर या तेलाच्या घाण्यातच आहे. एका गावाला घाणे लागणार किती? एक, फार तर दोन-तीन. त्यामुळे तेल्यांची कुटुंबे एका जागी दाटीने राहिली नाहीत. ती अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, पनवेल अशा पट्ट्यात गावोगाव विखुरली. या विखुरण्यातून शंभराहून अधिक गावनावांची आडनावे तयार झाली. थळचे थळकर, आवासचे आवासकर, पेझारीचे पेझारकर, तळ्याचे तळकर, अष्टमीचे अष्टमकर. झिराड गावच्या काही कुटुंबांनी तर ‘कर’ही टाकून दिला आणि नुसते ‘झिराड’ ठेवले. नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख आणि १९६६ च्या पद्मश्री डॉ. जेरुशा झिराड त्याच आडनावाच्या.

आता थोडा हिशेब. १८३०च्या दशकात या समाजाची एकूण संख्या सुमारे सहा हजार धरली जाते. आडनावे शंभरच धरली तरी एका आडनावाच्या वाट्याला सरासरी साठ माणसे येतात. म्हणजे दहा-बारा घरे. आडनाव दुर्मीळ ‘झाले’ असे म्हणण्यापेक्षा ते जन्मतःच दुर्मीळ होते, असे म्हणायला हवे.

त्यात आणखी एक गळती होती. मुंबईत स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांनी गावाचे नाव सोडून वडिलांचे किंवा आजोबांचे नावच आडनाव म्हणून घेतले. इझिकेल, मोझेस, सॅमसन, बेंजामिन, रूबेन ही ती आडनावे. कवी निस्सीम इझिकेल यांच्या नावात गाव दिसत नाही ते यामुळे. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रस्त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. ते मोझेस म्हणजे १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस, याच समाजातले. पण पाटीवर गाव नसल्याने ते कोकणातले हे कोणाच्या लक्षातही येत नाही. साहेबाच्या कचेरीत ‘मोझेस’ उच्चारायला सोपे, हा व्यवहारही त्यामागे असावा.

मुंबईत काय घडले?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही कुटुंबे मुंबईला येऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी, गोदी, सुतारकाम, पुढे रेल्वे आणि टपाल. १८३०च्या दशकात समाजाचा साधारण तिसरा हिस्सा मुंबईत होता. पलटणीत अधिकारी असलेले सॅम्युअल इझिकेल उर्फ सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मांडवीत प्रार्थनामंदिर बांधले. समाजात प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत. त्या भागातल्या सॅम्युअल स्ट्रीटचे नाव याच सॅम्युअलवरून पडले आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव याच ‘मशिदी’वरून आले, असे सांगितले जाते.

शिक्षणाचा धागा केहिमकर आडनावाशी थेट जोडलेला आहे. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाची ओळख मराठीतून करून देणारे पुस्तक काढले. आपला धर्मग्रंथ आपल्याच भाषेतून शिकण्याची सोय परक्या पाद्र्याने करावी, ही गोष्ट पुढच्या पिढीला बोचली असणार. समाजाने शिक्षणाच्या प्रसारासाठी स्वतःची संस्था काढली आणि तिच्या प्रयत्नातून १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली. त्यात हाईम केहिमकर आघाडीवर होते. माझगावातली सर एली कदुरी शाळा ती हीच. आज तिथले बहुसंख्य विद्यार्थी यहुदी नाहीत.

याच काळात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. बेंजामिन अष्टमकर यांच्यासारख्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली आणि सादरही केली. केहिमकर, राजपूरकर, अष्टमकर : हिब्रू आणि मराठी यांच्यातला पूल ज्यांनी बांधला त्यांची आडनावे कोकणच्या गावांची यादीच वाटतात.

ज्या पुस्तकाने आडनाव टिकवले

हाईम केहिमकर यांनी बेने इस्रायलींचा इतिहास इंग्रजीत लिहिला. हस्तलिखित १८९७ मध्ये तयार होते. छापले गेले ते १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, इमॅन्युएल ओल्सवँगर यांच्या पुढाकाराने. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले आणि लेखकाला छापील प्रत पाहायला मिळाली नाही.

या पुस्तकातल्या काळगणनेवर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आणि त्या रास्तही आहेत. पण दंतकथेचा भाग बाजूला ठेवला तरी उरते ते मोलाचे आहे. कोणत्या गावचे लोक कोणते आडनाव लावतात, लग्नात कोणते विधी होतात, मुलांची नावे कशी ठेवतात, सणांना मराठीत काय म्हणतात, याच्या नोंदी त्यात आहेत. या समाजावरचे पुढचे जवळपास प्रत्येक संशोधन केहिमकरांचा हवाला दिल्याशिवाय पुढे जात नाही. त्यामुळे जगभरच्या विद्यापीठांत या आडनावाचे ग्रंथालयीन आयुष्य त्याच्या लोकसंख्येपेक्षा मोठे आहे.

आज किती केहिमकर उरले?

जनगणना धर्म मोजते, आडनाव मोजत नाही. त्यामुळे केहिमकरांचा अधिकृत आकडा नाही. समाजाच्या आकड्यांवरून फक्त आडाखा बांधता येतो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते. १९६१ मध्ये ते साधारण १८ हजारांवर आले आणि १९७१ मध्ये सहा हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत संख्या होती ४,६५०, त्यातले महाराष्ट्रात २,४६६. या आकड्यात बगदादी आणि इतर यहुदीही आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. सगळ्या २,४६६ जणांना शंभर आडनावांत वाटले तरी एका आडनावाला पंचवीस माणसेही येत नाहीत. मुंबई आणि ठाण्यातच आता मुख्य वस्ती आहे. ठाण्याचे प्रार्थनामंदिर १८७९ चे. अलिबागचे त्याहून जुने, १८४८ चे. पण अलिबाग तालुक्यात आता मोजकीच कुटुंबे राहतात.

बाकीचे गेले कुठे? बहुतेक इस्रायलला. छळ झाला म्हणून नव्हे. भारतात यहुदीद्वेषाचा अनुभव आला नाही, हे समाजातली माणसे आवर्जून सांगतात. धर्मभावना, नातेवाइकांची ओढ आणि नोकऱ्यांची बदलती स्थिती ही कारणे होती. तिथे दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, रामले अशा शहरांत ती वसली. आज तिथे भारतीय वंशाच्या यहुद्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात असल्याचे अंदाज आहेत आणि त्यात बेने इस्रायली सर्वाधिक. म्हणजे आज किहीमचे नाव लावणारी माणसे कोकणापेक्षा इस्रायलमध्ये अधिक असण्याची शक्यता दाट आहे.

इस्रायलमध्ये आडनावाचा उपयोग झाला की अडचण?

दोन्ही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंच्या सर्वोच्च मंडळाने बेने इस्रायलींच्या यहुदीपणावर शंका घेतली. इतर यहुद्यांशी त्यांचे लग्न लावण्यापूर्वी आई, आजी, पणजी अशी मागची वंशावळ तपासावी, असा आदेश १९६२ मध्ये निघाला. इथे गावावरून आलेले आडनाव कामाचे नव्हते. यहुदीपण ठरते आईकडून आणि आडनाव चालते बापाकडून. सात पिढ्यांचा किहीमशी संबंध सिद्ध झाला तरी पणजी कोण होती याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना ‘तुम्ही खरेच यहुदी का?’ असे विचारले जाणे अपमानास्पद होते. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले, आंदोलन देशभर गाजले आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली.

रोजच्या वापरात गंमत वेगळीच. हिब्रूत ‘कर’ या शब्दाचा अर्थ ‘थंड’. नव्या पिढीतल्या मुलांना वर्गात यावरून चिडवले गेले नसेल तरच नवल. हिब्रू लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, त्यामुळे आडनावाचा उच्चार वाचणाऱ्याच्या माहितीवर सोडावा लागतो. नव्या देशात अनेक स्थलांतरितांनी हिब्रू आडनावे घेतली, तशी काही भारतीय कुटुंबांनीही घेतली. तरी ‘कर’वाल्या आडनावांची माणूस भेटली की ‘तुमचे गाव कोणते’ हा प्रश्न विचारावा लागत नाही. तिथून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकातही अशा कोकणी गावनावांची वर्दळ असते.

किहीम, पाखरे आणि फुलपाखरे

या गावाचा निसर्गाशी असलेला संबंध आडनावापुरता नाही. १९३० च्या पावसाळ्यात पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली किहीमला राहिले होते. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे दिवसच्या दिवस निरीक्षण केले. नर आधी अर्धवट घरटे बांधतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो आणि लगेच पुढच्या मादीसाठी नवे घरटे सुरू करतो, हे त्यांनी तिथे टिपले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आणि सालिम अलींच्या कारकिर्दीतले ते महत्त्वाचे काम मानले जाते.

त्याच सोसायटीत पुढे अनेक वर्षे काम केले आयझॅक केहिमकर यांनी. भारतीय फुलपाखरांवरचे त्यांचे पुस्तक २००८ मध्ये सोसायटीनेच प्रसिद्ध केले. ‘बटरफ्लाय मॅन’ ही त्यांची ओळख झाली. गावाचे नाव लावणारा माणूस आणि त्या गावात जाऊन संशोधन करणारा माणूस एकाच संस्थेशी जोडले जावेत, हा योगायोगच. पण मुंबई आणि अलिबाग यांच्यात लाँचने दीड-दोन तासांचे अंतर असताना तो फार मोठाही म्हणता येणार नाही.

इस्रायलमधून दरवर्षी काही कुटुंबे अलिबागकडे येतात. नवगावची दफनभूमी पाहतात, एलियाहू हन्नबी अर्थात प्रेषित एलिजा यांच्याशी जोडलेल्या खंडाळे गावातल्या खडकापाशी जातात, पोहे, नारळ आणि फळांचा ‘मलिदा’ करतात. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाची गाडी वेगळ्या दिशेला वळते. पेणकरांची पेणकडे, रोहेकरांची रोह्याकडे. केहिमकरांना फार लांब जावे लागत नाही.